पन्नास इंची गुलाब

मी टीव्ही बोलतोय. टीव्ही बोलतो यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, दिवसभर बोलणं हाच आमचा धंदा. पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं आज पहिल्यांदा बोलतोय, तेव्हा रिमोट जरा बाजूला ठेवा.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. देह पन्नास इंचांचा आणि अंगावरचे ठिपके इतके बारीक, की तपासणारा माणूस म्हणाला, "याच्यावर मुंगी दाखवली तर तिच्या पायाचे केस दिसतील." ही स्तुती मी फारच मनावर घेतली. खामगावच्या दुकानात मला काचेमागे उभं केलं, तेव्हा माझ्यावर दिवसभर समुद्र, मोर आणि कापलेली कलिंगडं दाखवत. रंग असे भडक की येणारे-जाणारे थबकायचे. मला वाटलं, आयुष्य असंच मजेत जाणार.

मग अकील आला. वरवट बकालचा, मालाची गाडी चालवणारा आणि क्रिकेटसाठी जेवण सोडणारा. "बॉलची शिवण दिसली पाहिजे," एवढीच त्याची अट होती. ती मी दाखवली आणि त्यानं मला एका जाड गादीत गुंडाळून घरी नेलं. गादीत अशासाठी, की त्याचे अब्बा फकीर मोहम्मद गादीवाले. बाजाराच्या रस्त्यावर घर, मागच्या अंगाला कापूस पिंजायचं मशीन आणि बाहेरच्या खोलीत गाद्या-रजयांची आढ्यापर्यंत चळत. त्याच खोलीच्या कोपऱ्यात अकीलच्या बहिणीचं, महेजबीनचं टेबल होतं. ती कॉम्प्युटरवर बॅनर आणि लग्नपत्रिका तयार करायची. छपाई शेगावला, पण डोकं हिचं. गावात वाढदिवस, तेरवी, लग्न, काहीही असो, ते आधी महेजबीनच्या टेबलावर पार पडे आणि मग मांडवात.

घरात ही मंडळी आपल्या वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत बोलतात. मी तुम्हाला मराठीत सांगतोय. माझ्या मेनूत भाषा बदलायची सोय आहे.

मला आतल्या खोलीत भिंतीवर टांगायचं ठरलं होतं. पण भिंत जुनी, मातीची. फकीर मोहम्मद म्हणाले, "भोक पाडशील तर टीव्ही भिंतीवर राहील आणि भिंत जमिनीवर येईल." मग चांगला कारागीर मिळेपर्यंत मी बाहेरच्याच खोलीत एका लोखंडी पेटीवर पाठ टेकून बसलो. क्रिकेटचा हंगाम संपला, अकील सरकी भरून गुजरातकडे गेला, आणि मृगातल्या एका दुपारी वीज अशी उड्या मारत आली की महेजबीनच्या मॉनिटरनं धूर सोडला तो कायमचा.

ते टेबल हीच तिची एकटीची कमाई, एकटीची ओळख. पडदा नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे लगेच घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला मुळीच आवडली नाही. थोड्या वेळानं माझ्या पाठीत एक काळी वायर खुपसली गेली आणि मी, मोर आणि कलिंगडं दाखवणारा मी, कॉम्प्युटरचा पडदा झालो.

एवढा अपमान सोसून गप्प बसणाऱ्यातला मी नाही. मी चारी बाजूंनी कडा गिळायला सुरुवात केली. तिनं 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं की मी 'र्दिक शुभेच्' दाखवायचो. ती माऊस हलवायची, मी बाण सावकाश, आळस देत न्यायचो. लाल अक्षरं मुद्दाम फुगवायचो. तीही कमी नव्हती. रिमोट घेऊन माझ्या मेनूत अशी घुसली की माझी एकेक खोड शोधून तिनं बंद करून टाकली. कडा ओकायला लावल्या, बाणाला पळायला शिकवलं. रंग मात्र तिनं दुकानातलेच भडक ठेवले, कारण ते तिलाही आवडायचे. या रंगांनी पुढे काय घोळ घातला, ते येईलच.

दुसरी पंचाईत अंतराची. एवढ्या मोठ्या पडद्यासमोर टेबलाला चिकटून बसलं की मान डावी-उजवी करून दुखायची. तिची अम्मी मुबीना येता-जाता ओरडायची, "लांबून बघ, लांबून! डोळे जातील." मग महेजबीननं टेबल मागे ओढलं आणि विकायला ठेवलेल्या दोन गाद्यांवर बैठक मारली. गिऱ्हाइकांना वाटे, डिझाईनवालीचा थाट काय!

बकरी ईदला अकील घरी आला आणि मी पुन्हा खूश झालो. त्या दिवशी नारायणराव म्हणून एक गृहस्थ वडिलांच्या तेरवीचा बॅनर बघायला आले होते. माझ्यावर म्हाताऱ्याचा फोटो, भोवती हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नारायणरावांनी डोळ्याला रुमाल लावला. आणि आतल्या खोलीतून अकीलनं फोनवरची मॅच माझ्यावर सोडली. वायफायनं आलेल्या पाहुण्याला मी नाही म्हणत नाही. हार गेला, म्हातारा गेला, आणि एक फलंदाज बॅट फिरवून मोकळा झाला. वर टाळ्यांचा कडकडाट.

नारायणरावांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "बाईऽ, आमच्या बुढ्याले क्रिकेटचा लई राग होता वं."

ते गेल्यावर बहीण-भावात जी जुंपली ती मी फुकटात पाहिली. अकील म्हणे, टीव्ही माझा. महेजबीन म्हणे, तू वर्षातले किती दिवस घरी असतोस? शेवटी फकीर मोहम्मदांनी निवाडा दिला. अकील दिवाळीला परत येईल तोवर टीव्ही पोरीकडे. तोवर तिच्या कामानं घराला कळलं पाहिजे की हा पडदा तिथे का हवा. नाही कळलं, तर दिवाळीत टीव्ही आतल्या भिंतीवर आणि टेबल आवरायचं. महेजबीन "हो" म्हणाली. मी मनात म्हटलं, चला, दिवाळीपासून क्रिकेट!

पोळा झाला आणि जनकाबाई आल्या. त्या वाण नदीच्या काठच्या वावरात कापूस पिकवणाऱ्या. एकटीच्या बळावर मुलांना शिकवलं, आता मुलगी सुवर्णा हिचं लग्न ठरलेलं, कापूस घरात आला की मंगल परिणय. मांडवाच्या दारावर लावायला मोठा बॅनर हवा होता. मुलगा धम्मदीप यानं नव्या फोनवर बहिणीचा फोटो काढला होता, थेट वावरात, हिरव्यागार पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांमध्ये उभी करून. बॅनर उद्या येऊन बघते, असं सांगून बाई गेल्या.

महेजबीननं तो फोटो माझ्यावर उघडला. काय सांगू, माझं अंग शहारलं! पानावरची लव दिसत होती, सुवर्णाच्या कानातल्या खड्यात आभाळ दिसत होतं. आणि तिच्या कोपराशी एक फूल होतं, मिटलेलं, पाकळ्या एकमेकींत गुंडाळलेल्या. ते मुळात फिकट. पण माझ्या भडक रंगांत ते असं गुलाबी झालं की महेजबीन हरखली. आता ही कापसाच्या गावची मुलगी, तिला ते फूल ओळखू येऊ नये? पण तिच्या घरात कापूस यायचा तो सरकी काढून, गाठोड्यात बांधून. झाडावरचा कापूस तिनं बसच्या खिडकीतून पाहिलेला. तिला वाटलं, नवरीच्या वावरातलाच गुलाब! तिनं ते फूल कापून घेतलं आणि बॅनरच्या चारी बाजूंनी त्याची महिरप केली.

दुसऱ्या दिवशी जनकाबाई आल्या, गादीवर टेकल्या, आणि चहा पिता पिता त्यांचा कप तोंडापाशीच थांबला.

"हे कोन्तं फूल लावलं वं माय?"

"गुलाब आहे ना, मावशी. तुमच्याच वावरातला. छान दिसतो ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. उठून माझ्या अगदी जवळ आल्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला. "गुलाब नोहे, बाई. डोमकळी व्हय हे."

महेजबीनला शब्द कळला नाही. जनकाबाईंनी बोटानं दाखवलं. फूल उमलायच्या आत गुलाबी अळी आत शिरते, आतून धाग्यानं पाकळ्या शिवून टाकते आणि निवांत खात बसते. फूल उमलत नाही, नुसतं गुलाबासारखं दिसतं. पुढे हीच अळी बोंडात जाते. बोंड बाहेरून टचटचीत, आतून किडकं.

"बीटीचं बियाणं हाय, बीटीले अळी शिवत नाही, असं दुकानदार सांगे," बाई म्हणाल्या. "मागच्या साली त्यायच्याच भरोशावर राह्यलो अन् अर्धा कापूस कवडी निघाला. पिवळा, डागी. गादीतही भरता येत नाही असा. अवंदा रोज धुऱ्यावरून, बांधावर उभी राहून पाहून राह्यली, सारं हिरवंगार. मले वाटे, यंदा वाचलो." त्या महेजबीनकडे वळल्या. "मूळचा फोटो दाखव बरं. मोठा कर. अजून कर."

महेजबीननं फोटो मोठा केला. आणि तिथे मी माझा सगळा कारखाना पणाला लावला. सुवर्णाच्या मागच्या ओळीत, पानाआड, सावलीत, जिथे फोनवर नुसतं हिरवं दिसत होतं, तिथे मी एकेक मिटलेली कळी उचलून दाखवली. ही, ती, त्या फांदीखालची. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मॅचपेक्षा जास्त जीव लावून बघत होतं. मला त्या बाईची भीती कळली आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं. मोरांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.

"मावशी, आता?" महेजबीननं विचारलं.

"अजून बोंडात नाही गेली. येळ हाय." बाईंनी पदर खोचला. "बॅनर राहू दे. आधी वावर."

आणि त्या गेल्या. पुढचे दिवस घरादारानं वावरात वाकून डोमकळ्या खुडल्या, जाळल्या. पतंग पकडायचे सापळे टांगले, निंबोळीचा अर्क फवारला. दर दोन-चार दिवसांनी धम्मदीप नवे फोटो आणायचा आणि महेजबीन ते माझ्यावर मोठे करून बघायची. आता तिला डोमकळी लांबूनही ओळखता यायला लागली. ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. पुंजाजी आले, तुळशीराम आला, हातात फोन, "ताई, हे जरा मोठ्या टीव्हीवर पाहून सांग बरं." गाद्यांवर जागा उरेना. मुबीना चहा करून थकली, पण "लांबून बघा" म्हणायचं तिनं सोडून दिलं. माझी काच मात्र सगळ्यांच्या बोटांनी बरबटून गेली.

दिवाळी आली आणि अकील आला. एका हातात टीव्ही भिंतीवर टांगायची लोखंडी पट्टी, दुसऱ्या हातात ड्रिल. महेजबीननं टेबलावरच्या वायरी गोळा करायला सुरुवात केली. इतकी माणसं आली-गेली, पण बहुतेकांची कामं तिनं ओळखीखातर फुकट केलेली. याला अब्बा काम म्हणतील का, याची तिला खात्री नव्हती. आणि मी? मला हर्ष व्हायला हवा होता. झाला नाही.

तेवढ्यात दारात जनकाबाई उभ्या. डोक्यावर गाठोडं. "फकीरभाऊ, सुवर्णाची गादी भरून पायजे. सरकी काढून आणली."

त्यांच्याकडे रीत अशी, की नवरीच्या गादीत माहेरच्या वावरातला कापूस जातो. मागच्या साली मोठ्या मुलीच्या वेळी त्यांना तो बाजारातून विकत घ्यावा लागला होता, कारण घरचा सगळा कवडी.

फकीर मोहम्मदांनी गाठोडं सोडलं. मूठभर रुई हातात घेतली, दोन बोटांनी ओढली, उजेडात धरली. डाग नाही, गाठ नाही, पांढरीशुभ्र. या माणसानं जन्मभर कापसाशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. तो रुईकडे बघत राहिला, मग पोरीकडे.

"हे तुमच्या महेजबीनच्या गुलाबानं वाचवलं," जनकाबाई म्हणाल्या.

फकीर मोहम्मद मुलाकडे वळले. "अकील, पट्टी ठोक."

महेजबीनच्या हातातली वायर खाली पडली.

"आतल्या नाही, या भिंतीवर. टेबलासमोर. ही भिंत विटांची आहे." मग म्हणाले, "आणि पोरीला खुर्ची आण. माझ्या गाद्या खराब होतात."

"अब्बा, अन् माझं क्रिकेट?"

महेजबीन रडत रडत हसली. आता मी भिंतीवर आहे. अकील घरी आला की ती माझ्या खालच्या कोपऱ्यात पोळीएवढ्या चौकटीत मॅच लावून देते, आणि उरलेल्या अंगावर बॅनर करत बसते. बॉलची शिवण दिसावी म्हणून ज्यानं पन्नास इंचांचा टीव्ही आणला, तो आता बॉल शोधत असतो.

सुवर्णाचं लग्न थाटात झालं. बॅनरवरची महिरप महेजबीननं बदलून उमललेल्या पांढऱ्या बोंडांची केली. एका कोपऱ्यात मात्र जनकाबाईंनी हट्टानं एक डोमकळी ठेवायला लावली. "राहू दे. तिनंच तं सांगतलं."

लग्नाचे फोटो धम्मदीपनं परवा माझ्यावर दाखवले. शहराकडची वरमाय नेमकी त्या कोपऱ्यापाशी उभी, बोट लावून कौतुक करतेय. धम्मदीप म्हणाला, "सुवर्णाची सासू म्हणे, गुलाब किती सुंदर!" सगळे पोट धरून हसले. मी काही बोललो नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ते किती जड गेलं असेल, विचार करा.

माझं मागणं फार मोठं नाही. टीव्ही लांबून बघावा म्हणतात, बघा बापडे. पण कधी वावर दाखवायची वेळ आली तर अगदी जवळ या, काचेला बोटं लागली तरी चालेल. ती पुसायला महेजबीनकडे कापूस भरपूर आहे.