फिल्टरमधला कापूस

हिवाळ्यात गवत वाढत नाही, म्हणून गवत कापायची यंत्रं याच दिवसांत दुरुस्तीला येतात. त्या आठवड्यात मिस्त्रीणबाईंच्या दुकानात अशी अकरा यंत्रं ओळीनं उभी होती. बहुतेकांचं दुखणं एकच. हंगाम संपल्यावर लोकांनी टाकीत पेट्रोल तसंच ठेवून यंत्र कोपऱ्यात ढकललेलं, आणि ते शिळं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट साय धरलेली. बाई ती साय खरवडून काढायच्या, प्लग घासायच्या, जुनं ऑइल डब्यात ओतायच्या आणि मग दोरी ओढायच्या. पहिल्या झटक्याला इंजिन धडधडलं नाही, तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. शहराच्या बागखात्यात त्या वीस वर्षं यंत्रं सांभाळायला होत्या. ‘मिस्त्रीणबाई’ हे नाव तिथल्या पुरुषांनी चेष्टेनं ठेवलं. पुढे चेष्टा करणाऱ्यांचीच यंत्रं बंद पडायला लागली आणि नाव मानाचं झालं. नोकरी संपल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. मागच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची धाकटी बहीण राहत. धाकटी चाळिशीची, तोंडाची टकळी दिवसभर चालू. ओढ्यापलीकडच्या उशांच्या कारखान्यात ती कामाला होती. तिथे दहा बायका खोळींत कापूस भरायच्या आणि तोंड शिवायच्या. घरी येऊन ती कारखान्यातल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवी, मालकाच्या सुद्धा.

दोनेक आठवडे मात्र नकला बंद होत्या. धाकटी आली की डोकं धरून पडायची. सुट्टीच्या दिवशी टुणटुणीत, कामाच्या दिवशी पुन्हा तेच. तिनं चष्म्याचा नंबर बदलून घेतला, चहा सोडला, पुन्हा धरला. कापसाची धूळ नाकात जाते म्हणून असेल, असं बाईही म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला.

एका सकाळी कारखान्याच्या टेम्पोतून जनरेटर आला. थंडीत वीज दुपारची हमखास जायची, तेव्हा शिवणयंत्रं आणि दिवे यावर चालत. ड्रायव्हरनं सांगितलं, सुरू होतो, पण पंधरा मिनिटांत धापा टाकून गप्प पडतो. जनरेटर उतरवून तो निघून गेला.

बाईंनी हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं. आतला स्पंज दिसेचना. त्यावर कापसाचा एवढा जाड थर बसला होता, की नख घालून उचलला तर अख्खा निघून आला. इंजिनाला श्वास घ्यायलाच जागा नव्हती. प्लग काजळीनं माखलेला. कापूस इथवर कसा आला, असं त्यांच्या मनात आलं, पण हात थांबले नाहीत. त्यांनी स्पंज धुतला, पिळला, वाळवला. कार्ब्युरेटर खोलून प्रत्येक भोकातून हवा मारली. नवा प्लग बसवला. दुपारी दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला इंजिन असं सुरू झालं, की बाकावर ठेवलेला पाण्याचा ग्लाससुद्धा हलला नाही. दुकानाचं दार सताड उघडं ठेवून अर्धा तास त्यांनी ते चालवून बघितलं. कुठे अडखळ नाही.

मग पुसायला घेतल्यावर त्यांना बाकीचं दिसलं. उघड्यावर ठेवलेल्या यंत्रावर पावसाचे ओघळ असतात, पक्ष्यांची शीट असते, निदान धूळ तरी. यावर काहीच नव्हतं. आणि सायलेन्सरच्या तोंडाभोवती वितळलेल्या प्लास्टिकचं काळं कडं चिकटलेलं होतं. कुणीतरी धूर बाहेर काढायला साधा प्लास्टिकचा पाइप जोडला होता, तो गरम होऊन वितळला होता आणि गळून पडला होता.

बाई स्टुलावर बसल्या. हातातलं फडकं तसंच राहिलं.

संध्याकाळी धाकटी आल्याबरोबर त्यांनी विचारलं, जनरेटर कुठे ठेवता? आत, मागच्या स्टोअरमध्ये, धाकटी म्हणाली. बाहेरचा एक चोरीला गेला, आठवत नाही का? शिवाय शेजारच्या शाळेनं आवाजाची तक्रार केली होती. धुराचा पाइप खिडकीतून बाहेर सोडलाय ना. आणि खिडकी उघडी असते का, बाईंनी विचारलं. गार वारा येतो म्हणून पाइपाच्या बाजूनं चिंध्या कोंबल्यात.

बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. धाकटीला ते पटेना. धूर असता तर दिसला असता, डोळे चुरचुरले असते, दहाजणींतल्या एकीला तरी कळलं असतं.

“सगळ्यांचीच डोकी दुखतात ना?” बाईंनी विचारलं.

धाकटीनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “सगळ्यांची नाही. मालकांच्या आई तर कायम तिथेच खुर्ची टाकून बसलेल्या असतात, त्या कुठे काय म्हणतात?” पण थोड्या वेळानं तिनंच सांगितलं, की म्हातारबाई हल्ली बसल्या बसल्या पेंगतात आणि बायका त्यावर हसतात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मालकाला फोन लावला. माणूस वाईट नव्हता. दिलेल्या तारखेला माल जायला हवा, एवढी एकच धास्ती त्याच्या डोक्यात असे. बाईंनी सांगितलं, जनरेटर भिंतीपासून दहा पावलं लांब, उघड्यावर ठेवा, साखळी घालून कुलूप लावा. तो हो हो म्हणाला. बाई पुन्हा तेच बोलू लागल्या तेव्हा तो दुखावला. “माझी आई तिथे बसते, बाई. मी काय तिचा वैरी आहे?”

बाईंना त्याचं ‘हो हो’ पटलं नाही. त्यांनी एक सुटा भाग मिळत नाही असं खोटंच सांगितलं आणि जनरेटर ताडपत्रीखाली झाकून ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. रोज मालकाचा फोन आला की त्यांच्या कानशिलांना घाम येई. मनात एकच गोष्ट फिरत होती. बिघडलेलं इंजिन पंधरा मिनिटांत बंद पडत होतं, म्हणून त्या बायका नुसत्या डोकेदुखीवर सुटल्या होत्या. आता ते टाकी संपेपर्यंत चालणार होतं.

पुढचे तीन दिवस वीज गेली की कारखाना ठप्प. बायकांना अर्ध्या दिवसात घरी पाठवत. तिसऱ्या संध्याकाळी धाकटीनं झाडता झाडता ताडपत्री उचलली आणि दोरी ओढून पाहिली. इंजिन लगेच सुरू झालं.

“ताई, हे तर चालतंय.”

बाईंनी ते बंद केलं. मग दोघींचं कडाक्याचं वाजलं. तुझ्यामुळे दहाजणी हात बांधून बसल्यात, धाकटी म्हणाली, तुला यंत्रांचं कळतं म्हणून सगळ्या जगाचं कळतं असं नाही. बाईंनी एवढंच म्हटलं, की जनरेटर बाहेर ठेवल्याचं मी डोळ्यांनी बघेन तेव्हा देईन. दोघी न जेवता झोपल्या.

दुसऱ्या दिवशी बाई बागखात्यात सुटे भाग आणायला गेल्या होत्या. वीज सकाळीच गेल्यामुळे धाकटी लवकर घरी आली होती. बाई दुपारी परतल्या तर दुकानाला बाहेरून कडी. आत ताडपत्री नीट घडी घालून ठेवलेली, आणि जनरेटरच्या जागी जमिनीवर तेलाचा डाग. बाकावर चिठ्ठी होती. मालक आले होते. बाहेरच ठेवतो म्हणून शब्द दिलाय. सगळ्यांना परत कामावर बोलावलंय, मीही जाते, चिडू नकोस.

बाई चिडल्या नाहीत. शब्द दिलाय, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं आणि एक गवत कापायचं यंत्र उघडलं. पात्याचा नट काढला. तो कुठे ठेवला ते पुढच्या क्षणाला आठवेना. पाना खाली ठेवून त्यांनी धाकटीला फोन लावला.

बऱ्याच वेळानं तिनं उचलला. “ताई,” ती सावकाश म्हणाली, “किती छान झोप येतेय गं. सगळ्या पेंगतायत.”

“उठ. दार उघड आणि बाहेर ये. आत्ता.”

“येते ना.”

पण ती हलल्याचा आवाज आला नाही. फोन चालूच होता आणि त्यातून इंजिन ऐकू येत होतं, एकसारखं, कुठेही न अडखळणारं. तो आवाज बाईंनीच लावून दिला होता.

त्या ओढ्यावरच्या साकवावरून धावत गेल्या. पळता पळता रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता दोनदा चुकला. कारखान्याच्या अंगणात जनरेटर नव्हता. भिंत आतून गुणगुणत होती. थंडीसाठी दार घट्ट लावलेलं. बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि खांद्यानं दार ढकललं.

आत दिवे लख्ख होते. दोघीतिघी उशांवर डोकं टेकून झोपल्या होत्या, एक उभी राहायचा प्रयत्न करत होती आणि गुडघे तिला साथ देत नव्हते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी घाबरलेलं नव्हतं. बाई सरळ स्टोअरमध्ये गेल्या, इंजिनाचा खटका पाडला, खिडकीतल्या चिंध्या उपसल्या. मग बाहेर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा आत. धाकटीला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. जिला चालता येत होतं तिला ढकलून बाहेर काढलं. शाळेतले दोन शिक्षक धावून आले, त्यांनी बाकीच्यांना उचललं. स्टोअरच्या दाराशी खुर्चीत मालकाच्या आई होत्या, मांडीवर लेबलांचा गठ्ठा, गाल लालबुंद. बाईंना वाटलं, चांगला रंग आहे, या ठीक असतील. तोच सगळ्यांत वाईट रंग, हे त्यांना डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मालक तेव्हा तिथे नव्हता. साखळी आणि कुलूप आणायला बाजारात गेला होता. ती आणली की जनरेटर बाहेर काढणार होता. खरंच काढणार होता.

नऊजणी चार दिवसांत घरी गेल्या. धाकटीला दोन आठवडे ठेवून घेतलं. म्हातारबाई तिसऱ्या दिवशी गेल्या, न जागं होता. चौकशी झाली, मालकानं काहीही लपवलं नाही, बाईंनीही नाही. आपण खोटं सांगून जनरेटर अडवला होता हे त्यांनी लिहून दिलं. अधिकारी म्हणाला, तुमची यात चूक नाही. बाईंनी मान हलवली. प्लगशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि तो नवा प्लग काढून खिशात ठेवायला किती वेळ लागला असता, हे त्या अधिकाऱ्याला माहीत नव्हतं.

धाकटी बरी झाली, पण पहिल्यासारखी नाही. हाताला कंप आला. सकाळचं दुपारी विसरे, कधी महिन्यापूर्वीचं पुसलं जाई, काय घडलं ते सांगितलं की रडे आणि पुन्हा विसरे. कारखाना बंद झाला होता. ती दिवसभर दुकानात बसून बाईंना पाने उचलून देई, बहुधा चुकीच्या मापाचे.

गवत वाढायला लागलं तेव्हा एका दुपारी मालक आला. चौकशीवाल्यांनी सोडलेला जनरेटर त्यानं हातगाडीवर स्वतः ओढत आणला होता. अंगावरचे कपडे सैल झाले होते. बाईंनी उठून स्टूल पुढे केलं, तो बसला नाही.

“तुम्ही तो इतका चांगला कशाला दुरुस्त केलात?” त्यानं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी फडक्याला हात पुसले. “मला तेवढंच येतं,” त्या म्हणाल्या.

त्यानं मान डोलावली आणि याचे तुकडे करा म्हणाला, कुठलाही भाग दुसऱ्या कशाला लावू नका. बाईंनी होकार दिला आणि पाना घेऊन खाली बसल्या. तो उभा राहून बघत राहिला. टाकी सुटली, कार्ब्युरेटर सुटला, काळं कडं असलेला सायलेन्सर सुटला.

मागच्या खोलीतून धाकटी पाण्याचा ग्लास घेऊन आली. हात कापत असल्यानं निम्मं पाणी सांडलेलं. मालकाला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं ग्लास त्याच्या हातात दिला आणि आपुलकीनं विचारलं,

“आई कशा आहेत?”

बाईंनी पुढच्या नटाला पाना लावला. त्यांनी वर बघितलं नाही.

मालकानं ग्लास तोंडाला लावला, पाणी संपवलं आणि रिकामा ग्लास तिच्या कापऱ्या हातांत नीट धरवून दिला.

“बऱ्या आहेत,” तो म्हणाला.