पंचविसाचं लॉक

"हे लॉक तेवढं काढून टाक, फारूख. साठनं पळली पायजे," गाडी गॅरेजच्या दारात लावत बद्रीनाथनं सांगितलं.

गाडी त्याच्या बायकोची, साळूबाईची. दिवाळीनंतर ती वारली, तेव्हापासून अंगणात धूळ खात पडलेली. पण सिग्नल तोडल्याबद्दल बद्रीनाथचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं आणि अडला हरी म्हणतात तसं बायकोची विजेची गाडी बाहेर काढावी लागली. वेगाला लॉक असल्यानं ताशी पंचविसाच्या पुढे न जाणाऱ्या या गाडीला लायसन्स लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही. लागतो तो फक्त धीर, आणि तो बद्रीनाथकडे जन्मात नव्हता.

दर गुरुवारी साळूबाई छावणीच्या बाजाराला निघायची आणि तो मोटारसायकलवर वाळूजच्या कंपनीत. निघायचे दोघं बरोबर, पण क्रांती चौक येईपर्यंत हा दिसेनासा व्हायचा. पुढे नगर नाक्याच्या गर्दीत तिला तिथला चौक ओलांडायची भीती वाटायची, म्हणून तो तिथल्या लिंबाखाली वाट बघत उभा राहायचा. ती आली की आधी तोंडसुख घ्यायचा, बैलगाडी आणली का म्हणायचा. "आले ना," एवढंच ती म्हणायची. मग दोघं मिळून चौक पार करायचे.

लॉक काढलं की कायद्यानं ही मोटारसायकलच झाली, फारूख समजावू लागला. मग लायसन्स, नंबर, विमा सगळं आलं, आणि सापडली तर जप्त. बोलता बोलता तो थांबला.

"भाभी भी आल्या होत्या एकदा. म्हणल्या, लॉक काढ, ह्यांच्या बरोबरीनं जायचंय मला. मी हेच सांगितलं, तर म्हणल्या, मंग ऱ्हाऊ दे. थांबत्यात ते माझ्यासाठी."

 लॉक तसंच ठेवून बद्रीनाथनं गाडी वळवली आणि वाळूजची वाट धरली.

रिक्षा, टेम्पो, सगळे त्याला मागे टाकून गेले. कुणीतरी ओरडलं, काका, बाजूला घ्या. तो कडेकडेनं, तिच्या चालीनं जात राहिला. हा रस्ता इतका लांब आहे, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

नाका आला. चांगलाच उशीर झाला होता आणि लिंबाखाली रागावणारं कुणी नव्हतं.

"आलो ना," तो झाडाकडे बघून म्हणाला. समोरून गाड्या धडाधडा येत होत्या. एकट्यानं चौकात शिरायची त्याला हिंमत होईना, तो तिथंच कडेला उभा राहिला.