एक वाजता डबा

सकाळपासून कांताबाईंचा पाय घरात ठरत नव्हता. मानपाड्याच्या त्या दोन खोल्यांत आज पाहुणे जेवायला येणार होते, तेही फोनच्या काचेवरून!

नात प्रीती ठाण्याच्या कॉलेजात शिकायची. शेवटच्या सत्राची इंटर्नशिप ऑनलाइन, घरीच लॅपटॉपसमोर. महिनाभरात पोरीचा चेहरा उतरला. दुपारचं ताट तसंच परत यायचं. काल म्हणाली, "आजी, उद्या योगिनी मॅडमना सांगते, सोडतेय मी." मॅडम म्हणजे इंटर्नशिपवर लक्ष ठेवणाऱ्या प्राध्यापिका. सोडली की वर्ष वाया.

"आधी सांग, जेवत का नाहीस?"

"कामावर असलं की लॅपटॉपवर नावापुढे हिरवा ठिपका असतो गं. उठलं की पिवळा होतो. बाकी सगळ्या इंटर्नचा हिरवाच. मी एकटीच कशी उठू?"

कांताबाईंना हसू आवरेना. "अगं वेडे, म्हणजे तीही सगळी उपाशीच बसलीत की!"

त्यांना ठाण्याचं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. नव्या नोकरीत त्याही अशाच रडकुंडीला आल्या होत्या. तिथल्या जुन्या ऑपरेटर सखुबाईंनी हाताला धरून डब्याच्या टेबलापाशी ओढलं होतं, "बस इथे. तुझी भाजी इकडे, माझी तिकडे." त्या टेबलाच्या आधारावर त्यांनी अख्खी नोकरी काढली.

आजीने पिच्छाच पुरवला, तेव्हा प्रीतीने इंटर्नच्या ग्रुपवर लिहिलं: उद्या एक वाजता डबा. फोनवर, कॅमेरे चालू.

आज कांताबाईंनी सुकट केली, भाकऱ्या थापल्या आणि आपला जुना स्टीलचा डबा भरला. एक वाजला. फोनवर प्रीती एकटीच.

"बघ, म्हटलेलं ना मी."

"थांब गं जरा!"

टिंग! खोपटचा शौनक आला. मागोमाग सान्वी, मग आणखी तिघं-चौघं.

"शौनक, मॅगी? हा काय डबा झाला?" सान्वी म्हणाली.

"गप गं. प्रीतीचा ठिपका कायम हिरवा. मला वाटायचं, ही रोबोट आहे!"

"आणि मी तुमचे हिरवे बघून रडायचे!" प्रीती म्हणाली.

"अगं, ठिपका हिरवा राहावा म्हणून मी तर एका हाताने माउस हलवत बिस्किटं खायचो," शौनक म्हणाला. " आजी, सुकटीचा वास इथपर्यंत येतोय!"

"ये की मग, खोपटचा बस डेपो तुझ्या दारात आहे!" कांताबाई म्हणाल्या.

लॅपटॉपवर एकेक ठिपका पिवळा होत गेला. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. प्रीतीने दुसरी भाकरी मागितली, तेव्हा कांताबाईंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

संध्याकाळी प्रीतीने योगिनी मॅडमना स्पीकरवर फोन लावला. "मॅडम, मी सोडत नाहीये. पण एक ते दोन आम्ही कुणीच कामावर नसू. तेवढं कंपनीला कळवाल?"

"आत्ताच कळवते. आणि काय गं, उद्या मी आले तर चालेल?"

स्वयंपाकघरातून कांताबाई ओरडल्या, "डबा घेऊन यायला सांग त्यांना!"