जुना माणूस बुडवताना

त्या सुताराला गल्लीत सगळे रंधा म्हणायचे. लाकूड तो मायेनं तासायचा, पण माणूस समोर आला की जिभेनं त्याची सालपटं काढायचा. त्या जिभेपायी गिऱ्हाइकं तुटली, शेजारी तुटले, आणि शेवटी सख्खा धाकटा भाऊही तुटला.

त्याचं असं झालं. दातांच्या डॉक्टरांचं कपाट दोघा भावांनी मिळून केलं होतं. जिन्याचं माप रंध्यानं स्वतः घेतलं, पण त्यात कठड्याची जागा मोजायला विसरला. कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. डॉक्टर वर कोंडले गेले आणि रुग्ण गाल धरून खाली ताटकळले. सगळी इमारत बघत असताना रंधा भावावर ओरडला, "माप घ्यायची अक्कल नाही आणि सुतार म्हणवतोस! चालता हो!" धाकट्यानं हातातली टेप खाली ठेवली आणि तो खरंच चालता झाला. आता तो बायकोला घेऊन दूरच्या शहरात, खुर्च्यांच्या कारखान्यात कामाला निघाला होता. सोमवारी सकाळी सामान हलायचं होतं.

चूक आपली, हे रंध्याला ठाऊक होतं. भावाशिवाय ते दुकान खायला उठेल, हेही ठाऊक होतं. पण "चुकलो" म्हणायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं.

अशात एका संध्याकाळी चर्चमध्ये पाळकसाहेब बाप्तिस्म्याचा अर्थ समजावत होते. बायकोच्या धाकानं रंधा मागच्या बाकावर पेंगत बसला होता.

"पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं," पाळक म्हणाले. "जुना माणूस पुरला जातो. वर येतो तो नवा."

रंध्याची झोप उडाली. "जुना पार मेला म्हणायचा?"

"पार मेला."

"आणि त्यानं केलेल्या भानगडी?"

"देवानं माफ केल्या."

"मग मला या रविवारीच बुडवा!"

पाळक कित्येक वर्षं याच शब्दांची वाट बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. रंध्याच्या बायकोचे मात्र बारीक झाले. नवऱ्याला ती ओळखून होती.

रविवारी रंधा चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदात उतरला. तो पिंपासारखा, पाळक काठीसारखे.

"साहेब, जरा जास्त वेळ दाबून धरा," तो कुजबुजला. "आतला फार चिवट आहे."

पाळकांनी त्याला मागे झुकवलं, आणि त्याच्या वजनानं तेही गेले. हौदातलं पाणी पहिल्या रांगेच्या चपला घेऊन दारापर्यंत पोहोचलं. दोघं वर आले तेव्हा पाळकांचा चष्मा रंध्याच्या कॉलरला लटकत होता. मंडळी "आमेन" म्हणाली, पण हसू दाबून.

केस पुसायलाही न थांबता रंध्यानं भावाचं घर गाठलं. धाकटा दोरीनं गादी बांधत होता.

"सोड ते," रंधा म्हणाला. "ज्यानं तुला हाकललं, तो आज सकाळी मेला. मी नवा आहे. मिटलं."

धाकट्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अरेरे! फार वाईट झालं. आणि आपण कोण?"

"आपण काय? मी तुझा दादा!"

"दादा तर गेला म्हणता. शेवटचं तोंडसुद्धा दाखवलं नाहीत." त्यानं आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? दादा गेला!"

"अगंबाई!" धाकटी पदराला हात पुसत आली. "मग वहिनींच्या घरात हे कोण परके गृहस्थ राहणार? लोक काय म्हणतील, भावोजी?"

"आणि दुकान?" धाकटा म्हणाला. "गेलेल्याला मूलबाळ नाही. म्हणजे मीच वारस. किल्ली ठेवा इथं."

"गाढवा!" रंधा गरजला. "किल्लीला हात लाव, बोटं सोलून ठेवतो!"

"बघ गं," धाकटा बायकोला म्हणाला. "जिवंत आहे. वाया गेलं सगळं पाणी."

आणि तो पुन्हा गाठ मारायला लागला. पण तीच गाठ तो सोडून सोडून परत मारत होता, ते रंध्याला दिसलं.

तो तडक पाळकांकडे गेला. पाळक जेवत होते.

"साहेब, तुम्ही मला फार लवकर वर काढलं. परत बुडवा."

"बाप्तिस्मा एकदाच असतो," पाळक घास थांबवून म्हणाले. "भावाकडे जाऊन काय बोललात?"

रंध्यानं सांगितलं. पाळकांना ठसकाच लागला.

"अहो, मेलेल्याला कसली अब्रू? तुम्ही मेला असतात, तर 'माप माझं चुकलं' म्हणताना लाज कुणाला वाटली असती? देवानं माफ केलं ते तुम्ही भावापासून तोंड लपवावं म्हणून नाही. त्याच्यासमोर उभं राहता यावं म्हणून."

"म्हणजे अजून मरायचं बाकी आहे?"

"रोज थोडं थोडं. हौदात मी धरलं होतं. आता तुमचं तुम्हालाच खाली वाकायचंय."

रंधा परत भावाच्या दारात गेला.

"चल माझ्याबरोबर. जिथं बोललो, तिथंच बोलतो."

धाकटा चपला घालून निघाला. दोघं डॉक्टरांच्या जिन्याच्या त्याच वळणावर उभे राहिले. रंधा घसा खाकरून पुटपुटला, "माप माझं चुकलं होतं."

वरून डॉक्टरांच्या आई कठड्यावर वाकल्या. "काय म्हणाला हा? त्या दिवशी चांगला ऐकू येत होता!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली. रंध्याच्या कानशिलावरून घाम वाहू लागला. हौदात नाकातोंडात पाणी गेलं होतं, तेव्हाही त्याचा जीव इतका घुसमटला नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि तो ओरडला, "माप माझं चुकलं! शिव्या भावाला दिल्या! तो माझ्याहून चांगला सुतार आहे!"

धाकट्यानं नाक ओढलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कारखान्याला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "पण यापुढे मापं मी घेणार."

रंध्याच्या जिभेवर चांगलं धारदार उत्तर आलं. अगदी दातांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं.

"घे," तो म्हणाला.