डॉलरबाईंचा तक्ता

कम्प्युटर क्लासातली मुलं धाकटीला पाठीमागे डॉलरबाई म्हणतात. ती तिथे एक्सेल शिकवते. तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. फॉर्म्युला लिहून खाली ओढला की त्यातले सेलचे पत्तेही ओळीओळीने खाली सरकतात. एखादा पत्ता हलू द्यायचा नसेल तर त्याला डॉलरचं चिन्ह लावा, हे ती प्रत्येक बॅचला इतक्यांदा सांगते की मुलांना ते झोपेतही ऐकू येत असावं. जो विसरेल त्याला ती सगळ्यांसमोर उभं करते. "मिठाची बरणी एकच आहे ना? मग प्रत्येक पातेल्याला शेजारची रिकामी बरणी का उपडी करताय?" असं विचारते. सगळे हसतात, उभा राहिलेला सोडून.

थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, शिवणखोलीसाठी तक्ता तिने असाच करून दिला, कुणी मागितलेला नसताना. वाचनालयाच्या पडद्यांचं काम आलं होतं. इमारत जुनी, एक खिडकी दुसरीसारखी नाही. ताई प्रत्येक खिडकीची उंची मोजून आणायची, तीत वरची-खालची दुमड मिळवून कापडाची लांबी पाटीवर खडूने लिहायची आणि भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, त्याप्रमाणे कापायचे.

"पाटी कसली वापरतेस अजून," म्हणत धाकटीने सगळ्या उंच्या कम्प्युटरवर घातल्या, दुमडीचं माप वर एका सेलमध्ये ठेवलं, पहिल्या खिडकीपुढे बेरजेचा फॉर्म्युला लिहिला, उत्तर तोंडी पडताळलं आणि फॉर्म्युला शेवटपर्यंत खाली ओढला. छापताना उंच्यांचा रकाना काढून टाकला. कागदावर फक्त खिडकीचा नंबर आणि कापायची लांबी. कागद सुटसुटीत हवा, हा बाईंचा आणखी एक हट्ट.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भाऊजी पहिल्यांदाच कात्री हातात घेत होते. कापायच्या लांब टेबलाच्या कडेला मापाच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्यांवर कापड ताणून ते कापतात. पडदे शिवून झाले, वाचनालयात टांगले, आणि पहिला बरोबर, बाकीचे सगळे वीतभर आखूड निघाले.

ताई त्यांना एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मीच शून्य सोडून वीतभर पुढच्या खुणेपासून धरलं असणार," भाऊजी आपणहून म्हणाले. "पहिला तुझ्यासमोर टेपने मोजून कापला, तेवढाच नीट आला."

"असू द्या हो. डोळा अजून बसायचाय," ताई म्हणाली.

आखूड पडद्यांना खालून पट्ट्या जोडून वेळ निभावली. भाऊजींनी कात्री पुसून खणात ठेवली आणि बटणं निवडायला बसले, तीही चाचपून. उरलेल्या कामासाठी ताईने बाहेरचा कारागीर बोलावला.

वरच्या मजल्याची मापं घालायला धाकटीने तक्ता पुन्हा उघडला आणि सहज दुसऱ्या ओळीवर क्लिक केलं. बेरजेत दुमडीच्या सेलऐवजी त्याच्या खालचा सेल आला होता. तो रिकामा होता. तिसऱ्या ओळीत त्याच्याही खालचा, तोही रिकामा. डॉलर कुठेच नव्हता. दुमड फक्त पहिल्या पडद्याला मिळाली होती. बाकीच्यांच्या उंचीत शून्य मिळवलेलं होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शेजारच्याच खोलीत भाऊजी बटणं चाचपत होते. चार पावलं जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. पण तिने आधी डॉलर घातला, मग तक्ता नव्याने छापला, मग ठरवलं की ही खेप नीट होऊ दे, म्हणजे सांगायला तोंड राहील. माणूस स्वतःच्या लाजेपुढे किती हुशार होतो बघा.

खेप नीट झाली. एकूण एक पडदा खिडकीच्या मापात बसला. ताई परत आली ती हलकी होऊन. "टेबल तेच, तक्ता तोच. आणि पडदे बघ कसे बसले," ती धाकटीला म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण भाऊजी तिथेच बसले होते.

"चला, आता शंका उरली नाही," ते म्हणाले. खण उघडून त्यांनी कात्री काढली आणि ताईपुढे धरली. "त्या कारागिराला देऊन टाक. चांगली धार आहे, पडून गंजेल."

आपण गप्प राहून काय केलं ते धाकटीला तेव्हा कळलं. तक्ता चोरून सुधारून तिने भाऊजींविरुद्ध पुरावाच तयार केला होता.

"डोळा नाही चुकला, भाऊजी," ती म्हणाली. "तक्ता चुकला होता. माझा. दुमड पहिल्या ओळीतच मिळवली गेली, पुढे नाही. मी आता दुरुस्त केलाय."

"कधी कळलं तुला?" ताईने विचारलं.

धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी. "दुसरी खेप कापायच्या आधी."

भाऊजींना मात्र त्या प्रश्नाशी देणंघेणंच नव्हतं.

"म्हणजे खुणा मी बरोबर धरल्या होत्या?"

"हो."

"सगळ्या पडद्यांना?"

"सगळ्या."

ते उठले. समोरच्या भिंतीवर दोऱ्यांच्या खोक्यांचं फडताळ आहे. चांगल्या डोळ्याला पंजाने झाकून, जागेवरूनच, ते खोक्यांवरची नावं मोठ्याने वाचू लागले. मोरपंखी. विटकरी. राखाडी फिका, राखाडी गडद. ताईने डोळ्याला पदर लावला. "पुरे हो आता," ती म्हणाली.

"थांब गं, खालची ओळ राहिली."

ती ओळ वाचून झाल्यावर ते धाकटीजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलणी खायची तयारी तिने करून ठेवली होती.

"रस्ता ओलांडायचासुद्धा सोडला होता मी," ते म्हणाले. "दिसतंय तसं असेल की नाही, भरवसाच वाटेना. फार उपकार झाले बघ तुझे."