झाडाने मंजूर केलेला नकाशा

बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस निवृत्तीनंतर झाडावर घर बांधतोय, हे ऐकून जुने सोबती पोट धरून हसले. तो स्वतःही हसला, पण जरा उशिरा, पाय मुरगळल्यावर.

खात्यात त्याला 'काटकोन' म्हणत. त्याच्या हातून कधी वाकडी रेघ आली नव्हती आणि ही गोष्ट तो विचारल्याशिवायच सांगत असे. आपण आता जंगलाशी एकरूप होऊन राहणार, असं त्यानं निरोपसमारंभात जाहीर केलं होतं. जंगलाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

झाड जुनं, रुंद आणि स्वतःच्या मनाचं होतं. यानं दिवसभर खपून भिंत सरळ ठोकावी, सकाळी बघावं तर भिंत गोल! जमीन सपाट आहे का बघायला पाणसळ ठेवली की तिच्यातला बुडबुडा जीव घेऊन एका टोकाला पळे. शेगडीच्या वर तर झाडानं भिंतीला चक्क भोक पाडलं. यानं चार वेळा फळी मारली, झाडानं चारही वेळा ती पाडली. चौथ्यांदा नेम धरून, याच्या टाळक्यात.

घाई होती, कारण बायको यायची होती. ती लेकीकडे राहत होती आणि तिचा निरोप रोखठोक होता: "एकदा बघते. पटलं तर राहीन, नाहीतर तुम्ही मुकाट्यानं खाली उतरायचं."

पाचव्यांदा फळी ठोकत असतानाच खालून हाक आली.

"अहो, वर यायचं कसं?"

"थांब गं, दोर टाकतो!"

दोराची गाठ सुटेपर्यंत एक फांदी खाली वाकली आणि तिला पिशवीसकट अलगद दारात आणून ठेवती झाली. हा सहा महिने गुडघे सोलून चढत होता.

"जरा कललंय," त्यानं सुरुवात केली, "पण तत्त्वतः..."

तेवढ्यात पाचवी फळी पडली. भोकातून हिरवा उजेड शेगडीवर सांडला, वारा आला, पलीकडच्या फांदीवरची खार आत डोकावली. बायको पिशवीसकट थेट भोकापाशी गेली. शेगडीवर खिडकी हवी म्हणून तिनं तीस वर्षं धोशा लावला होता. "नकाशात बसत नाही," हे त्याचं तीस वर्षांचं उत्तर.

"ही खिडकी कुणी काढली हो?"

"मीच. खास तुझ्यासाठी."

जमीन करकरली आणि त्याच्या बाजूनं खाली गेली. तो स्टुलासकट घसरला.

"म्हणजे, झाडानं थोडी मदत केली..."

जमीन आणखी कलली. आता तो दाराबाहेर कमरेपर्यंत लोंबत होता.

"झाडानं! सगळी झाडानं काढली! मी चार वेळा बुजवली... पाच वेळा!"

जमीन हळूच वर आली. पाणसळीतला बुडबुडा जन्मात पहिल्यांदा मधोमध येऊन बसला.

बायको हसून हसून भिंतीला टेकली. डोळे पुसत तिनं पिशवीतून पातेलं काढलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"माझं ठरलं, मी राहतेय," ती म्हणाली. "तुमचं काय ते झाडाला विचारा."

काटकोनानं घसा खाकरला आणि खरंच विचारलं. मग दाराशेजारच्या भिंतीतून एक खुंटी बाहेर आली. चांगलीच वाकडी.

त्यानं निमूटपणे तिच्यावर टोपी अडकवली.