बारा वर्षांनी आलेला यूअन

दुबईजवळच्या रास अल खैमातल्या तीस वर्षांत हमीदाने इंग्रजी वाचलं ते औषधांच्या बाटल्यांवरचं आणि नातीच्या शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्यांवरचं. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या हेमाताईंनी बायकांचा इंग्रजी वाचनगट काढला आणि तिने त्यात नाव दिलं, तेव्हा नात इन्शा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "दादी, सिक्स हंड्रेड पेजेस. यू वोन्ट फिनिश."

"बघू," हमीदा म्हणाली. म्हणाली खरी, पण ते बोलणं तिला लागलं.

कादंबरी स्कॉटलंडची होती. आजच्या काळातली एक दातांची डॉक्टरीण धुक्यात ओढा ओलांडते आणि पावणेतीनशे वर्षं मागे, डोंगरातल्या एका क्लॅनमध्ये जाऊन पोचते. तिथल्या कॅलमवर तिचा जीव जडतो. पहिली पन्नास पानं हमीदाने बोट ठेवून, दमून दमून वाचली. मग क्लॅन म्हणजे काय ते उमगलं आणि वाट सोपी झाली. एकाच आडनावाची माणसं, एका घरचं लग्न म्हणजे सगळ्यांच्या घरचं, आणि अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न, कुठला, कुणाचा. ही तर दाभोळकडची त्यांची जमातच होती, फक्त थंडीतली.

गटाचा नियम असा, दर शनिवारी शंभर पानं. पुढचं कुणी वाचून यायचं नाही. चौथ्या शनिवारपर्यंत कॅलमचा चुलतभाऊ यूअन फ्रान्सच्या लढाईवरून बारा वर्षांनी घरी परतला होता. सगळ्या त्याच्यावर खूश.

"किती स्वीट आहे तो," बँकेत नोकरी करणारी शुभ्रा म्हणाली. "एवढ्या वर्षांनी येऊनही सगळ्यांना नावानिशी ओळखतो."

हमीदा गटात कधी बोलत नसे. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "तो त्या घरचा नाही."

सगळ्या वळून बघू लागल्या.

"कशावरून, भाभी?" हेमाताईंनी विचारलं.

"आल्यापासून जेवला, नाचला, जमिनीचं बोलला. मागे कोण कोण गेलं, हे एकदा तरी विचारलं? एवढ्या वर्षांनी आलेला माणूस घरात शिरायच्या आधी तेच विचारतो. आमचे हे सुट्टीवर गावी गेले की बॅगा रिक्षात ठेवून आधी कब्रस्तानात जायचे."

"भाभी, ही लव्हस्टोरी आहे. तुम्ही पोलीस तपास काढलात," शुभ्रा म्हणाली, तशा सगळ्या हसल्या.

"लिहिणारीच्या डोक्यात एवढं काही नसेल हो," हेमाताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. हसण्यापेक्षा ती समजूत हमीदाला जास्त झोंबली.

पुढच्या शंभर पानांत यूअनने एका विधवेला स्वतःचं पांघरूण दिलं, आगीतून पोर बाहेर काढलं. "काय भाभी, अजून खोटाच का?" शुभ्राने विचारलं. हमीदाने पुस्तक मिटून पिशवीत घातलं. एवढ्या भल्या माणसावर आपण आळ घेतला. शिकल्यासवरलेल्या बायकांत उगाच तोंड उघडलं. गट सोडून द्यावा असंही मनात आलं, पण मग इन्शाचं म्हणणं खरं ठरलं असतं. तिने दुपारची जुहरची नमाज झाली की रोज पुस्तक घेऊन बसायचं चालूच ठेवलं.

पाचशे एकाहत्तराव्या पानावर यूअन त्याच ओढ्याकाठी डॉक्टरणीला म्हणाला, मीही इथूनच आलो. तो याच क्लॅनचा, पण कितीतरी पिढ्यांनंतर जन्मलेला. तिथल्या कबरींवरचं शेवाळ खरवडण्यात त्याचं लहानपण गेलं होतं. कोण कधी गेलं, आणखी कोण कधी जाणार, सगळं त्याला तोंडपाठ. खरा यूअन फ्रान्समध्येच मेला, हेही दगडावर वाचलेलं. तो कुणाला काय विचारणार?

हमीदाने ते पान पुन्हा वाचलं. मग इन्शाला हाक मारली. "हे बघ, मी वाचते ते बरोबर आहे ना?"

इन्शाने वाचलं. उभ्याने वाचत होती, ती खाली बसली. "दादी, हाउ डिड यू नो?"

"मला कुठं काय माहीत होतं," हमीदा म्हणाली. "त्याने विचारलं नाही, एवढंच मी बघितलं."

शेवटच्या शनिवारी इन्शा आपणहून बरोबर आली आणि दादीला खेटून बसली.

"हरलो बाई आम्ही," हेमाताई म्हणाल्या. "मी सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, माझ्या लक्षात आलं नाही."

"अर्धी मीही चुकले," हमीदा म्हणाली. "तो त्याच घरचा निघाला. फक्त तो यूअन नव्हता."

"इन्शाने समजावून दिलं असेल ना, भाभी?" शुभ्राने विचारलं.

"नो," इन्शा म्हणाली, आणि मग कधी नव्हे ते मराठीत, "मी घेतलं होतं वाचायला. नाइन्टी पानांवर सोडलं. दादीने एकटीने सगळं वाचलं."

हमीदाने ओढणी सारखी केली. गालावर आलेलं हसू तिला लपवता आलं नाही, आणि तिने ते फारसं लपवलंही नाही.

"आता जरा ऐका," ती म्हणाली. "डॉक्टरीण शेवटी आपल्या काळात परत का गेली नाही, ते तुम्ही सगळ्या प्रेमावर घालताय. मला तसं वाटत नाही."

हेमाताईंनी खुर्ची पुढे ओढली.